पानं थांबू न देणाऱ्या बनसोडे मॅडम

बातमी आली ती आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मी मोहोळच्या आमच्या शाळेत पाचवीच्या मुलांकडून भेंडीचे ठसे काढून घेत होते. हात रंगानं बरबटलेले, फोन टेबलावर थरथरला म्हणून कोपरानंच सरकवून पाहिलं, तर मॅडमचा फोटो. फोटोभोवती सोनेरी महिरप, खाली दोन टपोरे गुलाब, कोपऱ्यात लुकलुकणारी पणती आणि वरून सारख्या पडणाऱ्या गुलाबी पाकळ्या. मधोमध ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खरं सांगते, त्या क्षणी मला आधी दुःख झालंच नाही. आधी मनात आलं ते एवढंच, की ही फ्रेम पाहून मॅडम काय भडकल्या असत्या! “आधी ती फुलं काढा,” असं त्यांनी ग्रुपवरच लिहिलं असतं... आणि मग लक्षात आलं, की आता त्या काहीच लिहिणार नाहीत. “बाई, काय झालं?” असं पुढच्या बाकावरची मुलगी विचारत होती. मी रडत होते म्हणून विचारत होती, हे मला जरा उशिरा कळलं.

सुजाता बनसोडे मॅडम सोलापुरातल्या आमच्या कला महाविद्यालयात रेखांकन आणि संकल्पचित्र शिकवायच्या. शिकवणं उत्तम, आवाज खणखणीत, आणि वर्गात प्रमाण मराठी बोलता बोलता राग आला की मोहोळकडची बोली अशी उसळून वर यायची, की आम्ही पोरं मुद्दाम त्यांना चिडवायचो. मी दुसऱ्या वर्षात असताना अभ्यासक्रमात ई-पोर्टफोलिओ नावाचा नवा विषय आला. तोवर पोर्टफोलिओ म्हणजे बगलेत मारायचं मोठं काळं फोल्डर. ते घेऊन सिटी बसमध्ये चढलं की कंडक्टरसकट सगळे आपल्यावर खेकसणार. आता तेच काम फोटो काढून वेबपानावर मांडायचं होतं, आणि परीक्षक, पुढचा प्रवेश, नोकरी, सगळीकडे त्या पानाची लिंक द्यायची होती. शिक्षकांच्या खोलीत या विषयाचा टोलवाटोलवीचा खेळ बरेच दिवस रंगला. “कॉम्प्युटरवाल्याला देऊन टाका,” असं एका ज्येष्ठ सरांचं मत पडलं. मॅडमनी विषय घेतला. त्यांना तरी कुठं येत होतं! फाइल कुठं सेव्ह झाली ते त्यांना सापडायचं नाही, मग त्या आमच्यातल्याच कुणाला तरी हाक मारायच्या. “मी शिकते, तुम्ही शिका. कोण आधी शिकेल त्यानं दुसऱ्याला सांगायचं,” असं त्यांनी पहिल्याच तासाला जाहीर करून टाकलं. शिक्षकानं आपल्याला येत नाही हे इतक्या मोकळेपणानं सांगितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही मात्र शिकण्याच्या भानगडीत न पडता सोपा रस्ता काढला. कॉलेजच्या कोपऱ्यावर लग्नाचे अल्बम करणारा एक स्टुडिओ होता. जवळजवळ अख्ख्या वर्गानं आपापली चित्रं त्याच्याकडे नेऊन दिली आणि सांगितलं, पोर्टफोलिओ करून द्या. त्या माणसानं मनापासून केला हो! त्याला जे उत्तम येत होतं ते त्यानं सगळं ओतलं. मॅडमनी प्रोजेक्टर लावला आणि पहिलंच काम माझं निघालं. सनई सुरू झाली. पडद्यावर सोनेरी अक्षरांत ‘पद्मा’ असं उमटलं, नावावर मोती चमकले, मग एक लाल बदाम उघडला आणि त्यातून माझं वांग्यांचं स्थिरचित्र बाहेर आलं. त्यानंतर माझी रेखाटनं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून फिरू लागली, वरून पाकळ्यांचा पाऊस. आम्हाला ते फार भारी वाटत होतं. सनई संपली. मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, “कुणाचं लगीन हाय?” मग त्यांनाच हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते आवरेना. डोळे पुसत, भिंतीला टेकून त्या हसत राहिल्या, आम्हीही हसलो. हसू ओसरल्यावर मात्र त्या माझ्या बाकाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “पद्मा, लई छान हाय गं. पण ह्याच्यात तुझं काम कुटं हाय?”

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात कॉलेजच्या गच्चीवर निघाली. सोलापूरचं ऊन एकदा चढलं की फोटोतला पांढरा कागदसुद्धा डोळे मिटतो, म्हणून वर्ग भरायच्या बराच आधी यायचं. मॅडम घरून इस्त्री केलेली पांढरी चादर आणायच्या. दोघींनी तिची टोकं ताणून धरायची, तिसरीनं चित्र लावायचं आणि चौथीनं साध्या फोनवर फोटो काढायचा. बोटाची सावली पडली की पुन्हा. रंग गोड करणारे फिल्टर लावायचे नाहीत. “वांगं जांभळं काढलंस ना? मग जांभळंच दिसलं पायजे,” असा त्यांचा दंडक. फसलेली, अर्धी सोडलेली, फाडून टाकावीशी वाटणारी कामंसुद्धा पानावर टाकायची, तीही चांगल्या कामाच्या शेजारीच. आणि प्रत्येक कामाखाली ते कसं सुचलं, कुठं अडलं, हे आपल्या भाषेत लिहायचं. इथं आम्ही पुन्हा माती खाल्ली. ‘निसर्गाच्या सान्निध्यातून प्रेरणा घेऊन...’ हे वाक्य कुणी तरी कुठून तरी उचललं आणि ते अख्ख्या वर्गाच्या पानांवर जसंच्या तसं गेलं. मॅडमनी एकेकाला उभं केलं. माझी पाळी आली तेव्हा म्हणाल्या, “तू निसर्गाच्या सान्निध्यात कधी गेली होतीस? तुझ्या घराला लागून कारखाना हाय.” सगळे खो खो हसले आणि मला खूप राग आला. पण घरी जाऊन त्या रागातच लिहिलं: आमच्या घरात यंत्रमागाचा आवाज दिवसभर असतो, आई बोलता बोलता मागासाठी सुताच्या कांड्या भरते, आमच्याकडे रंग डबीतून येत नाही, सुतावर चढून येतो. चादरीच्या काठाचं कापून टाकलेलं सूत, तुटके धागे, उरलेल्या रंगीत पट्ट्या असलं मी लहानपणापासून गोळा करायची, आणि ते घरातल्यांच्या दृष्टीनं कचरा होतं. मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, “हे सगळं कुटं ठेवलंयस? घेऊन ये की.” मी पोतं भरून नेलं, आणि त्या पोत्यातून माझं पहिलं भिंतीवरचं विणकाम झालं. आजही मी जे करते त्याची सुरुवात त्या चिडलेल्या संध्याकाळी झाली, आणि त्याचं सगळं श्रेय मॅडमच्या खवचटपणाला आहे.

शेवटच्या वर्षी घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतले, घरात तेलुगू बोलणारे, वडिलांना नान्ना म्हणणारे. नान्ना वाईट नव्हते, पण मुलगी शिकली, आता पुढचं बघायला हवं, एवढा त्यांचा साधा हिशेब. मॅडमना हे कळल्यावर त्या एका रविवारी स्कूटरवरून आमच्या घरी आल्या. मला वाटलं, आता या लग्न थांबवा म्हणून भांडणार, आणि नान्ना त्यांचा अपमान करणार. मॅडमनी चहा घेतला, आईच्या कांड्या बघितल्या आणि नान्नांना म्हणाल्या, “लग्न करा की! कोण नको म्हणतंय? पण इतकी वर्षं मी बघतेय, पोरींची चित्रं लग्नाच्या वर्षी थांबतात. पोरांची चालू राहतात. मला हिचं पान थांबलेलं बघायचं न्हाय.” मग फोन काढून त्यांनी माझं पान नान्नांना दाखवलं. नान्ना चष्मा वर-खाली करत कितीतरी वेळ बघत होते. “हे कोन केलं?” असं ते मधेच विचारायचे आणि प्रत्येक वेळी मॅडम म्हणायच्या, “तुमची पद्मा.” जाताना मॅडमनी सुचवलं, “मुलाकडं बायोडेटा पाठवताय ना? त्याच्याबरोबर ही लिंक पण पाठवा. ज्याला यायचंय तो समजूनच येऊ दे.”

नान्नांनी अक्षरशः तसं केलं! ‘रंग गोरा, उंची मध्यम, गृहकृत्यदक्ष’ याच्या खाली माझ्या पोर्टफोलिओची लिंक, फसलेल्या कामांसकट. एका स्थळानं निरोप धाडला, मुलगी चांगली आहे, पण तिला चिंध्यांचा नाद दिसतोय. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. सुताच्या दुकानात हिशेब बघणारा वेंकटेश नावाचा मुलगा, अडखळत बोलत होता. त्यानं नाव-गाव काहीच विचारलं नाही. “त्या लाल काठाच्या कामाखाली तुम्ही लिहिलंय की पुन्हा पुन्हा उसवलं... मग शेवटी जमलं का?” मी म्हटलं, नाही. “मग आता कसं करणार?” असं त्यानं विचारलं. मला त्याचा आवाज आवडला, आणि खरं तर त्याहून प्रश्न जास्त आवडला. आमच्या लग्नात मॅडम आल्या होत्या. स्टेजवर माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, “आज सनई चालेल.”

लग्नानंतर त्यांचा फोन यायचा तो ‘कशी आहेस’ असं विचारायला नाही. “नवं काय?” हाच नमस्कार आणि हीच चौकशी. मला शाळेत कलाशिक्षिकेची नोकरी लागली, मोहोळला एसटीनं जाणं-येणं सुरू झालं, मग मुलगी झाली. ‘नवं काय’ या प्रश्नाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. मी त्यांचे फोन टाळत नव्हते, पण वैतागायला लागले होते. एकदा म्हटलंसुद्धा, “मॅडम, वेळ कुठं आहे?” त्या म्हणाल्या, “झालेलं नको गं. होत असलेलं टाक.” तेव्हा मी मुलीसाठी गोधडी शिवत होते. त्या अर्ध्या गोधडीचा फोटो पानावर टाकला, वर सुईसकट. मग थोडी थोडी पुढे शिवली आणि टाकत गेले. त्या गोधडीखाली माझ्या कितीतरी जुन्या मैत्रिणींनी लिहिलं, आणि त्यांतल्या दोघींची बंद पडलेली पानं पुन्हा हलली. मॅडम खूश. त्या खुशीच्या भरात असतानाच मी गमतीनं विचारलं, “आमच्या मागं लागता, पण तुमचं पान कुठं आहे?”

“माझं काय बघायचंय...” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. मला चुटपुट लागून राहिली. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या यजमानांना आम्ही काका म्हणतो. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला शांत माणूस, आमच्यात फारसा न मिसळणारा. काकांनी स्टुलावर चढून कपाटावरच्या गुंडाळ्या खाली काढल्या, फडक्यानं पुसल्या. मॅडमनी त्या पलंगावर उलगडल्या, आणि मी बघतच राहिले. आठवडी बाजारात बसलेल्या बायकांच्या पाठी. चेहरा एकाही चित्रात नाही. नुसत्या पाठी, कुणाची घामानं भिजलेली, कुणाची पदर घट्ट ओढून घेतलेली, कुणाच्या पाठीशी झोपलेलं पोर. त्यांची आई मोहोळच्या बाजारात बसायची, आणि ही मुलगी मागं बसून चित्रं काढायची. “समोर गिऱ्हाइकं असायची. मला पाठच दिसायची,” असं त्या सहज म्हणाल्या. आम्हाला इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाईनं हे काढलं होतं आणि आम्हाला पत्ताही नव्हता! मी विचारलं, यानंतरची चित्रं? त्या म्हणाल्या, “यानंतर लग्न.”

काका दाराशी उभे होते. ते म्हणाले, “मी कधी नको म्हणलं न्हाय की.” मॅडम गुंडाळी सरळ करत होत्या. मान वर न करताच बोलल्या, “व्हय. नको म्हणाला न्हाईत. काढ बी म्हणाला न्हाईत.” आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं असावं. काका आत गेले आणि चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मला कुठं बघावं कळेना. मग आम्ही गच्चीवर जाऊन सगळ्या चित्रांचे फोटो काढले. चादर एका बाजूनं मी धरली आणि दुसऱ्या बाजूनं, न सांगता वर आलेल्या काकांनी. पान तयार करताना मी म्हटलं, तारखा नकोत, सगळी चित्रं सलग लावू, मधलं अंतर कळणार नाही. मॅडमनी ठाम नकार दिला. मधली जागा कोरी सोडायची. स्क्रीनवर बोट फिरवत जावं आणि पांढरं, पांढरं, नुसतं पांढरंच यावं, इतकी मोठी. “माझ्या पोरींना फसलेलं काम दाखवायला लावते, मग हे कसं लपवू?” असं त्यांचं म्हणणं. त्या कोऱ्या जागेच्या खाली त्यांचं नवं पहिलं चित्र आलं ते काही महिन्यांनी. पुन्हा पाठच. पण या वेळी पुरुषाची, ओट्याशी उभं राहून चहा गाळणाऱ्याची.

त्यानंतर त्या थांबल्या नाहीत. निवृत्त झाल्या, आजार कळला, उपचार सुरू झाले, तरी महिन्या-दीड महिन्यानं त्यांच्या पानावर काही ना काही यायचं. केस गेल्यावर स्वतःच्या डोक्याची मागची बाजू दोन आरशांत बघून काढलेली चित्रं तर इतकी मिस्कील आहेत, की बघताना हसू येतं आणि मग आपलीच लाज वाटते. शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज खोल गेला होता, मांडीवर टॅब. कॉलेजातल्या नव्या मुलांची पानं बघून द्या, अशी विनंती अजून व्हायची त्यांना. मला जवळ बोलावून टॅब दाखवला. “बघ, मंगळवेढ्याची पोरगी. किती ताकदीची रेषा हाय... आन् खाली परत लिवलंय, निसर्गाच्या सान्निध्यात. ह्या वाक्याला कोण तरी संपवा गं.” आम्ही दोघी हसलो. निघताना मी त्यांचा हात हातात घेतला, काही बोलणार होते, पण त्यांनीच विचारलं, “नवं काय?” मी म्हटलं, एक मोठं काम माग लावल्यासारखं भिंतीवर ताणून ठेवलंय, पुढं सरकत नाही. “असू दे ताणलेलं,” म्हणाल्या.

मॅडमच्या आठवणीत ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही बरेच जण जमलो होतो. बोलताना प्रत्येक जण तिथंच येत होता, की माझं पान मॅडममुळे आहे. कुणी पुण्यात जाहिरातीत, कुणी टेंभुर्णीत साइनबोर्ड रंगवतो, कुणी कुठं शिकवते. मलाही बोलायचं होतं, पण जागचं उठवेना. म्हणून हे लिहिते आहे. मॅडम, मी तुमची फार ऋणी आहे. चित्रकला कुणीही शिकवली असती. स्वतःचं काम फुलांनी न झाकता जगासमोर ठेवायचं आणि मग त्याच्या शेजारी उभं राहायचं, हे तुम्ही शिकवलंत. तुम्ही गेल्यावर मात्र मी त्या ताणून ठेवलेल्या कामाला हात लावलेला नव्हता. शाळेतून यायचं, त्याच्यासमोरून स्वयंपाकघरात जायचं. विचारणारंच कुणी उरलं नाही, तर कुणासाठी करायचं, असं वाटायचं.

मागच्या आठवड्यात सकाळी मी डबे भरत होते आणि काकांचा फोन आला. त्यांनी मला आजवर कधीही फोन केलेला नव्हता, त्यामुळे मी घाबरलेच. पण ते अगदी शांत होते. म्हणाले, रोज सकाळी चहा झाला की ते मॅडमचा टॅब उघडतात आणि एकेका पोराचं पान बघतात. आधी उघडता येत नव्हतं, शेजारच्या मुलीनं शिकवलं. चित्रातलं फार कळत नाही, पण खाली लिहिलेलं सगळं वाचतात. मग ज्याचं पान बघितलं त्याला फोन लावतात.

“आज तुझं काढलंय,” ते म्हणाले. “नवं कायच न्हाय की गं.”

मी काहीतरी सांगू लागले, शाळेची परीक्षा, मुलीचा ताप. त्यांनी ऐकून घेतलं.

“हिच्या पानावर आता नवं यायचं न्हाय, पोरी,” काका म्हणाले. “मी रोज बघतो, तरी न्हाय येत. तुमच्या पानांवर येऊ द्या... मला सकाळी बघायला काय तरी लागतं.”

डबे तसेच उघडे ठेवून मी बाहेरच्या खोलीत गेले आणि त्या अर्ध्या कामाचा, जसं होतं तसा, फोटो काढला.